पाचटाची वाट

नाशिकला द्वारकेच्या चौकात बसमधून उतरून अनुसया रस्त्याच्या कडेला आली, तेव्हा रसवंतीवाल्याने चरकाजवळच्या ढिगातली कवळाभर चिपाडे उचलली आणि तिच्या पुढ्यातल्या चिखलावर टाकली. सकाळच्या पावसाने तिथे राड झाली होती, ट्रकच्या चाकांनी ती आणखी मळली होती, आणि पुढचे पाऊल कुठे ठेवावे म्हणून ती थबकली होती, एवढेच. "या ताई. आता टेका काठी, नाही रुतायची," तो म्हणाला आणि पुन्हा चरकाकडे वळला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलेसुद्धा नव्हते. तिने कुबडी टेकली. रबरी टोक चिपाडांवर बसले, जरासे दबले आणि थांबले. खाली चिखल होता, पण तो तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. तळहातापासून काखेपर्यंत एक मऊ, कोरडा, किंचित कुरकुरणारा प्रतिसाद चढत आला, आणि हा प्रतिसाद आपल्या ओळखीचा आहे असे तिच्या मनात आले. डांबरी रस्त्यावर, घरातल्या शहाबादीवर, दवाखान्याच्या फरशीवर कुबडी अशी बोलत नाही. ती अशी बोलते फक्त एका ठिकाणी, निफाडजवळच्या संशोधन केंद्राच्या प्लॉटवर, आपल्या द्राक्षांच्या ओळींमध्ये. तिथे उसाचे पाचट, उसाची वाळलेली पाती, पसरलेले असते. ती दुसरे पाऊल टाकायला विसरली. पाचट तिथे असते हे तिला इतकी वर्षे माहीत होते. ते तिथे कोण टाकते आणि कशासाठी, हे आपण कधीच विचारले नाही, हे तिला आता, पाठीमागे ट्रकचे भोंगे वाजत असताना कळले.

ती निघाली होती छापखान्यात. तिच्या नावाची घडीपत्रिका तिथे छापायला गेली होती आणि शेवटचे प्रूफ तिने पाहायचे होते. द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी बागाईतदार ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मोरचूद आणि चुन्याच्या आठ फवारण्या करत. पानांवर ओल किती वेळ टिकते ते पाहून योग्य वेळ साधली तर तीन पुरतात, असे डॉ. अनुसया पगारे यांच्या प्रयोगाने दाखवले होते. चार हंगाम हा प्रयोग चालला होता. येत्या रविवारी तिचा सत्कार होता. हे एक्क्याऐंशी साल अपंगांचे वर्ष म्हणून जगभर पाळले जात होते, आणि जिल्ह्यातून एक शिक्षक, एक गायक आणि एक शास्त्रज्ञ असे तिघे निवडले गेले होते. त्याच कार्यक्रमात घडीपत्रिका प्रकाशित होऊन बागाईतदारांना वाटली जाणार होती. सत्काराचे कळले तेव्हा तिला बरे वाटले नव्हते. पण घडीपत्रिकेत पायाचा उल्लेख कुठेही नव्हता, आणि तेवढ्यावर तिने स्वतःची समजूत घातली होती.

"रस देऊ?" रसवंतीवाल्याने विचारले. तिने मान हलवली आणि बाकावर बसली. पायाला आधार देणाऱ्या लोखंडी कॅलिपरची कडी सोडून तिने पाय लांब केला. चरकाचे घुंगरू वाजत होते. गिऱ्हाईक फारसे नव्हते. "ही चिपाडं रोज टाकता का?" तिने विचारले. "रोज कशाला? वाळवून जळणाला जातात ती. असं कुणी आलं म्हणजे टाकायची." "असं म्हणजे कसं?" तो हसला. ग्लास तिच्या हातात देत म्हणाला, "जो घसरंल त्याच्यासाठी, ताई. धडधाकट माणसासाठी कोण चिपाडं वाया घालवतं?" रस गोड होता, आल्याचा तिखटपणा जिभेच्या मागच्या बाजूला उतरत होता. तो पूर्ण उतरायच्या आत तिला सगळे दिसले. एखादी गुणाकाराची ओळ मनात आपोआप सुटावी तसे. प्रयोगात दोन तऱ्हेच्या ओळी होत्या. तीन फवारण्यांच्या ओळींची निरीक्षणे ती स्वतः घेत असे. जुन्या पद्धतीच्या आठ फवारण्यांच्या ओळी केरू पाहत असे, तिचा क्षेत्र सहायक. कामाची वाटणी तशीच सोयीची होती. ती जिथे चालत होती तिथे पाचट होते. केरूच्या ओळींत असेल का? केवड्याची पहिली लागण जमिनीतून येते. गळून कुजलेल्या पानांत तो वाट पाहत राहतो, आणि पावसाच्या थेंबाने माती उडाली की खोडाजवळच्या खालच्या फुटीवर पोहोचतो. जमिनीवर पाचट असेल तर माती उडणार नाही. तिच्या ओळींत केवडा कमी आला होता. तो तिच्या फवारणीच्या वेळापत्रकामुळे कमी आला, असे तिने लिहिले होते.

वडील तिला खांद्यावरून शाळेत नेत. सावळीराम रेल्वेत गँगमन होते, नाशिकरोडच्या पलीकडच्या पट्ट्यात रुळांची देखभाल करत. त्यांच्या खांद्याला डांबराचा आणि घामाचा वास येई. तिसऱ्या वर्षी तापात पाय गेला तेव्हापासून तिने जग त्या उंचीवरून पाहिले होते: लोकांच्या टोप्या, कौलांवरची मांजरे, मास्तरांच्या डोक्यावरचे टक्कल. वर बसलेल्या मुलीला कुणी काही विचारत नसे, सगळे खालच्या माणसाला विचारत. पोरगी काय म्हणते, पोरीला भूक लागली का. दहाव्या वर्षी कॅलिपर आला. एके सकाळी फाटकाजवळ ती म्हणाली, "मला खाली ठेवा." वडिलांनी ठेवले. ती खडीवरून पुढे चालू लागली आणि ते मागे, बऱ्याच अंतरावर. ती पडली तरी हात पोहोचू नये इतक्या अंतरावर, आणि तरी त्यांच्या बुटाखालची खडी तिला ऐकू येत राहावी इतक्या. शाळेपर्यंत तसेच. त्या आवाजाकडे तिने एकदाही वळून पाहिले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी, वडील गेल्यावर, आई भिमाबाईने सांगितले की त्या दिवशी त्यांची अर्ध्या दिवसाची हजेरी बुडाली होती, आणि ते कामावर न जाता शाळेच्या भिंतीबाहेर सुटी होईपर्यंत बसून राहिले होते.

कृषी महाविद्यालयात विभागप्रमुखांनी तिला समोर बसवून घेऊन, अगदी मायेने सांगितले होते, "तुम्ही बियाणे तपासणीत जा. बसून काम असतं. रोगशास्त्रात शेतं तुडवावी लागतात." तिने रोगशास्त्र घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा केवड्याचा बीजाणू फुटताना पाहिला तो दिवस तिला अजून जसाच्या तसा आठवतो: थेंबभर पाण्यात एक लिंबासारखी कुपी थरथरली, तिचे तोंड उघडले आणि आतून लहान लहान जीव निसटून पोहू लागले. पाण्याचा पापुद्रा असेल तरच ते पोहतात, पाणी सुकले की जागच्या जागी संपतात. तिने डोळा बाजूला घेतला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि प्रयोगशाळेत कुणी नव्हते. पण तिला त्याहून जास्त आवडली होती ती शोधनिबंधांची भाषा. 'निरीक्षणे घेण्यात आली.' 'पाने तपासण्यात आली.' त्या वाक्यांत कुणी माणूस नसे. पाय नसत. कुणी हळू चालले की भराभर, कुणाला धाप लागली, कुणाचा दंड सोलपटला, याला त्या वाक्यांत जागा नव्हती. पान होते, डाग होता, आणि संख्या होती. एवढे स्वच्छ घर तिला दुसरीकडे कुठे मिळाले नव्हते. आपला पाय दारात काढून ठेवून आपण त्या घरात शिरतो, असे तिला वाटत असे.

ग्लास परत देऊन ती उठली. छापखाना उजवीकडे होता. ती पुन्हा थांब्याकडे गेली आणि येवल्याकडे जाणारी एस.टी. आली तशी चढली. वाहकाशेजारच्या बाकावर पिवळ्या रंगात 'अपंगांसाठी राखीव' असे नव्याने रंगवले होते. तिथे बसलेला पोरगेला माणूस तिच्या कुबडीकडे पाहून एकदम उठला, जणू बाक तापला होता. उभ्या असलेल्या एका म्हातारीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि सुस्कारा टाकला. "तुमचं एक बरं हाय बाई. पायामुळं का व्हईना, जागा तरी मिळती. आमचं दोन्ही पाय धड, म्हून आमी उभ्याच." "बसा ना शेजारी," अनुसया म्हणाली, "बाक दोघींचा आहे." "आन् कंडाक्टर बोलला मग?" "मग एक पाय दुखतो म्हणा." म्हातारी खुदकन हसली आणि बसली. "एक कशाला, दोन्ही दुखत्यात," ती म्हणाली, आणि आडगाव येईपर्यंत गुडघ्यांविषयीच बोलत राहिली. अनुसया हुंकार देत होती. बाहेर काळी जमीन ओली होऊन चकाकत होती, ऊस उभा होता, मधूनमधून छाटणी झालेल्या द्राक्षबागा होत्या, नागड्या काड्यांच्या. यांतल्या कितीतरी बागांत रविवारनंतर ती घडीपत्रिका पोहोचणार होती. लोक तिच्यावर विश्वास ठेवून पाच फवारण्या सोडून देतील. जमीन उघडी असेल. परतीचा पाऊस असाच रेंगाळला तर फुलोऱ्यातच घड तपकिरी होऊन गळतील.

आणि तरी तिला वाटणारी भीती केवळ घडांसाठी नव्हती, हे तिला प्रामाणिकपणे मान्य करावे लागले. पाचट फक्त आपल्याच ओळींत निघाले तर ते सांगावे लागेल. का टाकले तेही सांगावे लागेल. म्हणजे पाय दारात राहिला नव्हता. तो चार हंगाम घरात वावरत होता, आकड्यांमध्ये मिसळला होता, आणि आता त्याला वेगळे काढता येणार नव्हते. विभागप्रमुख मायेने बरोबर बोलले होते, असेच सगळे म्हणतील. बसून काम असतं. कदाचित पाचट सगळीकडे असेल, असे तिने स्वतःला सांगून पाहिले. ओल टिकावी म्हणून पुष्कळ जण पसरतात. पण तिने कधी पाहिले नव्हते. केरूच्या ओळी पानांच्या भिंतींपलीकडे होत्या. पावसानंतर तिकडच्या चिखलात जाण्याचे तिला कधी कारण पडले नव्हते, किंवा तिने पडू दिले नव्हते.

आणखी एक गोष्ट होती, जी ती बसमध्ये आठवायचे टाळत होती. प्रयोगाच्या पहिल्या वर्षी ती पडली होती. असाच पाऊस होऊन गेला होता. कुबडी रुतली, ती ओढताना तोल गेला, आणि ती दोन वेलांच्या मधे आडवी झाली. तोंडात माती गेली होती, लोखंडासारखी चव. तारेला धरून ती उठली. उठताना तिला ओळीच्या टोकाशी भागीबाई दिसली, पाठमोरी, काड्यांचा भारा बांधताना. भागीबाई पेठकडच्या डोंगरातून छाटणीच्या कामाला आली आणि मग केंद्रावरच राहिली होती; तिकडच्या बोलीप्रमाणे ती स्वतःविषयी 'मी करतो, मी जातो' असेच बोले. तिने पाहिले होते की नाही, हे अनुसयाला कळले नाही. काही दिवसांनी ओळीत पाचट दिसले. मुकादमाने टाकायला लावले असेल, असे समजून ती त्यावरून चालत गेली. पायाखाली बरे वाटले होते. विचारले असते, तर पडण्याचा विषय निघाला असता. म्हणून विचारले नाही. पान उलटून पाहणारी, डाग मोजणारी, थर्मामीटरची काच दोनदा पुसणारी बाई, तिने पायाखालची गोष्ट विचारली नाही.

केंद्रावर पोहोचली तेव्हा ऊन तिरपे झाले होते. भागीबाई विहिरीजवळ विळ्याला धार लावत होती. तिला पाहून म्हणाली, "बाई, तुमी तं नाशकाला गेल्या व्हत्या?" "परत आले. भागीबाई, ओळींत पाचट कोण टाकतं?" भागीबाईने विळा पालथा केला. "मीच टाकतो. शेजारच्या उसातून आणून. का?" "सगळ्या ओळींत?" "सगळ्या कशाला? तुमच्या वळींत." "आणि केरूच्या?" "केरूला दोन पाय हायेत की." अनुसया विहिरीच्या कठड्यावर बसली. दगड अजून गरम होता. "मला कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "तुमी कुठं इचारलं?" भागीबाई विळ्याकडेच पाहत होती. अनुसया म्हणाली, "मी पडले होते ते तुम्ही पाहिलं होतं." "मी काय नाय बघला, बाई. मी तिकडं तोंड करून व्हतो." हे तिने इतक्या झटपट म्हटले की ते किती वर्षे तयार ठेवले होते ते कळत होते. अनुसयाला रागावता येईना. रागवायचे तर कुणावर? ही बाई दर हंगामात शेजारच्या उसातून डोक्यावर भारे आणत होती, कुणाला न सांगता, एका माणसाला एका गोष्टीची लाज वाटू नये म्हणून. असली काळजी आपल्याला हवी आहे असे अनुसयाने कधी कबूल केले नसते. म्हणूनच तिला ती न विचारता मिळाली होती, आणि न सांगता.

मग ती केरूच्या ओळीत गेली. भागीबाई "नका, राड हाय" म्हणाली, पण अडवायला आली नाही. कुबडी पहिल्याच टेकीला रुतली. तिने ती ओढून काढली, टोकाला लोंबणारा चिखल खोडावर झटकला, पुन्हा टेकली. थोडेच आत जाऊन ती वाकली आणि खोडाजवळच्या फुटीचे खालचे पान उलटले. पानाच्या पाठीवर मातीचे बारीक शिंतोडे होते. पुढच्या पानावर होते. त्याच्या पुढच्यावरही. परत आपल्या ओळीत येऊन तिने तशीच पाने उलटली. ती स्वच्छ होती, धुतल्यासारखी. एवढेच. मोजण्याची गरज नव्हती.

देवरे साहेब केंद्राचे प्रमुख होते, सटाण्याकडचे, निवृत्तीला आलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळे ऐकून घेतले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पगारेबाई," ते म्हणाले, "तुमचं वेळापत्रक चुकीचं आहे असं सिद्ध झालंय का?" "नाही." "मग?" "बरोबर आहे असं झालं होतं, ते आता राहिलं नाही." "अहो, दोन्हींमुळे फरक पडला असेल." "असेल. किती कशामुळे, ते मला सांगता येत नाही." "पुढच्या वर्षी दुरुस्ती छापू. 'शक्यतो पाचट पसरावे' अशी एक ओळ घालू." "आणि या वर्षी ज्यांच्याकडे पाचट नाही ते?" देवरे साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. ते वाईट माणूस नव्हते. तिच्या नेमणुकीच्या वेळी कुणी नाक मुरडले तेव्हा त्यांनीच टेबलावर हात आपटला होता. "रविवारचं काय करायचं मग?" ते हळूच म्हणाले. "घडीपत्रिका नाही, शिफारस नाही. सत्कार कशाचा करायचा?" "पायाचा करा," अनुसया म्हणाली. "तो आहेच." देवरे साहेबांना हसावे की नाही ते कळेना. तिलाही कळले नाही की आपण हे विनोदाने म्हणालो की कसे. कार्यालयातला पंखा कट्कट् करत फिरत होता.

"छापखान्यात मी निरोप पाठवतो," ते शेवटी म्हणाले. "पण प्रयोग नव्याने मांडायचा तर नीट मांडा. तुमच्या ओळी तुम्ही आणि त्याच्या ओळी त्याने, हीसुद्धा चूकच होती." "हो. सगळ्या ओळींत एकच माणूस चालला पाहिजे." "बरोबर. केरू चालेल. तुम्ही सूक्ष्मदर्शकाचं बघा." हे येणार हे तिला रात्रीच दिसले होते. ते तर्काला धरून होते. केरू चांगला माणूस होता, प्रामाणिक होता, त्याच्या पायाखाली कुणाला काही पसरावे लागत नव्हते. त्याच्या बाजूने असलेले सगळे मुद्दे तिने स्वतःच एकामागून एक मांडून पाहिले होते. "केरूला डाग दिसतो तो पिवळा पडल्यावर," ती म्हणाली. "मला त्याच्या आधी दिसतो, उजेडाकडे पान धरलं की. तेलाचं बोट लागल्यासारखा. त्या दोन-चार दिवसांवरच तर सगळं वेळापत्रक उभं आहे." "मान्य. आणि चिखल?" "चिखल सगळ्यांनाच आहे, साहेब." "सगळ्यांना सारखा नाही, बाई." "नाही. पण आता तो मोजणीत धरायचा. लपवायचा नाही." हे वाक्य बोलून झाल्यावर तिला त्याची भीती वाटली. देवरे साहेबांनी टेबलावरचा कागद उचलला, खाली ठेवला, आणि होकारार्थी मान हलवली.

रविवारी सत्कार झाला. व्यासपीठाला पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. कार्यकर्ते खुर्चीसकट उचलायला पुढे झाले तेव्हा ती म्हणाली की मी खालीच बसते, आणि पाहुण्यांना चार पायऱ्या उतरून शाल घालावी लागली. निवेदक 'जिद्द' हा शब्द पुन्हा पुन्हा वापरत होता. अंध गायकाने गाणे म्हटले, ते फार चांगले होते, आणि गाण्यापेक्षा जास्त टाळ्या त्याच्या डोळ्यांना पडल्या. परतताना रिक्षात भिमाबाईने शालीची घडी मांडीवर नीट करत विचारले, "तुझ्या कामाचं काय म्हणले ते?" "काही नाही म्हणाले." "मंग एवढ्या टाळ्या कशाच्या?" आणि आईच पुढे म्हणाली, "तुजे वडील असते तं इचारलं असतं त्यांनी. उभं राहून." तिला ते खरे वाटले नाही. वडील उभे राहिले नसते. ते सभेच्या बाहेर, भिंतीशी बसून राहिले असते.

पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला प्रयोगाची नवी मांडणी झाली. तीन फवारण्यांच्या आणि आठ फवारण्यांच्याही अर्ध्या ओळींत पाचट, अर्ध्या मोकळ्या, आणि कोणती ओळ कोणती हे कुणाच्या मनावर न ठेवता काढायचे. चिठ्ठ्या लिहिण्याऐवजी तिने केरूच्या टोपीत द्राक्षाच्या काड्यांचे तुकडे आणि पाचटाचे तुकडे टाकले. भागीबाईला वाचता येत नसे, आणि काढायचे भागीबाईनेच, असे अनुसयाने ठरवले होते. काडी आली तर ओळ मोकळी. भागीबाईने तोंड फिरवून टोपीत हात घातला. पहिले पाचट आले. दुसरेही पाचट. तिसरेही. वाटेजवळच्या, विहिरीजवळच्या, चालायला सोप्या ओळी एकेक करून झाकल्या जात होत्या. चौथ्या वेळी हात टोपीत जरा जास्तच रेंगाळला. "भागीबाई," अनुसया म्हणाली, "बोटांनी बघू नका." "मी कुठं बघतो?" "काडी टणक लागते, पाचट मऊ." केरू मान खाली घालून हसू लागला. "आता या बाईंना काय सांगावं," भागीबाई टोपीकडे पाहत पुटपुटली. "पडल्या म्हंजे?" हा शब्द पहिल्यांदाच दोघींच्या मधे उघडा पडला. वाऱ्याने केरूच्या हातातला कागद फडफडला. "पडले तर उठेन," अनुसया म्हणाली. "तुम्ही पाहिलं तरी चालेल."

मग तिने सगळ्या काड्याच घेतल्या, सारख्या लांबीच्या, आणि अर्ध्या काड्यांच्या टोकाला फवारणीच्या बादलीतल्या चुन्याचा ठिपका लावून त्या उन्हात वाळू दिल्या. ठिपका आला तर पाचट. ठिपका बोटांना लागत नव्हता. भागीबाईने तो चाचपून पाहिला आणि नाइलाजाने कबूल केले. पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतले. वाटेजवळची पहिली ओळ. भागीबाईने काडी बाहेर काढली, तिच्या टोकाकडे पाहिले आणि ती मुठीत धरून ठेवली. "दाखवा," अनुसया म्हणाली. काडी कोरी होती.

त्या ओळीतले पाचट भागीबाईने स्वतःच उचलले, विळ्याने ओढून ओढून, एकही पाते न ठेवता. खालची जमीन वर आली तेव्हा ती काळी आणि ओलसर होती, तिच्यावर इतक्या दिवसांच्या कुबडीच्या खुणा कुठेच नव्हत्या. आदल्या रात्री पुन्हा सर येऊन गेली होती. अनुसयाने कॅलिपरची कडी बसवली, साडीचा पदर खोचला आणि आत पाऊल टाकले. कुबडी रुतली. तिने ती सरळ वर ओढली, घाई केली नाही. पुन्हा टेकली. पुन्हा रुतली. काखेत चामडे घासत होते, कपाळावर घाम आला होता, आणि पहिल्या वेलापर्यंत पोहोचायलाच इतका वेळ लागला की केरूला तीनदा उगीचच खोकावे लागले. मागे पावले वाजत होती. पाचटावरची नव्हेत, चिखलातली, अनवाणी, बऱ्याच अंतरावर. ती थांबली की ती थांबत. अनुसयाने वळून पाहिले. भागीबाई जागच्या जागी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे धरून. तिनेही तोंड फिरवले नाही.

"केरू," अनुसया म्हणाली, "लिहा. मोकळी ओळ, पहिला वेल. निरीक्षण अनुसया पगारे यांनी घेतलं. जमीन ओली. कुबडी रुतते."

"कुबडीचंबी लिहू का बाई?"

"तेही लिहा," ती म्हणाली, आणि वाकून तिने खोडाजवळचे खालचे पान उलटे केले.